मागच्या वेळी मी का बंद पडलो?

हा प्रश्न आमच्या कंपनीतल्या हजेरीच्या सर्व्हरचा होता. तो बंद पडला आणि आम्ही उठवला, की आत जाण्याआधी पडद्यावर एक खिडकी यायची. मागच्या वेळी मी अचानक बंद पडलो, त्याचं कारण लिहा. विचारायचा इंग्रजीत, पण अर्थ तोच. खाली कारण लिहायला पांढरी चौकट. तिच्यात काहीतरी लिहिल्याशिवाय तो पुढे जाऊ द्यायचा नाही, आणि काय लिहिलंय याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं. एक टिंब दिलं तरी चालायचं. म्हणजे पडायचं ह्याने आणि कारणं द्यायची आम्ही. प्रत्येक लग्नघरात असा एक पाहुणा असतोच.

मी नमिता. पेणला राहते. रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत नेटवर्क सांभाळायचे. आता नाही सांभाळत. नेटवर्क सांभाळायचं म्हणजे काय, असं शेजारच्या बायका विचारायच्या तेव्हा मी सांगायचे, बंद करायचं आणि परत चालू करायचं. त्यांना ती थट्टा वाटायची. थट्टा नव्हती, तेच काम होतं.

माझ्या जोडीला निकेश. हा नागोठण्याचा. सकाळच्या गाडीत मी पेणला चढायचे, तो नागोठण्याला, आणि डब्यात पाय ठेवताच विचारायचा, "काय म्हणतोय जावई?" कारण सर्व्हरला जावई हे नाव त्यानेच ठेवलं होतं. एकदा त्या पांढऱ्या चौकटीत त्याने लिहिलं, "मानपान नीट झाला नाही." इंग्रजी अक्षरांत मराठी, कारण त्या सर्व्हरला देवनागरी कळायची नाही. मी वाचलं आणि मला इतकं हसू आलं, की चहा सांडला. तेव्हापासून तो जावईबापू. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात ते आमच्या सर्व्हर-रूममध्ये बसला होता. काम करायचा नाही, पण गारव्यात बसवावा लागायचा. आवाज चढवून बोललं की अडायचा. आणि रुसला की सगळं घर त्याच्याभोवती.

कारणं तर काय एकेक! "सासूबाईंनी वडे गार वाढले." "विजेचा लपंडाव चालू आहे, दर वेळी राज्य माझ्यावरच का?" "आज मूड नाही." "मेहुण्याने टोमणा मारला." एकदा सलग दोनदा पडला तेव्हा निकेशने पहिल्यांदा लिहिलं, "झोप लागली", आणि दुसऱ्यांदा, "तुम्ही उठवलंत म्हणून परत लागली." असले विनोद बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाहीत. रोज तेच यंत्र, तोच निळा पडदा, फोनवर तीच बोंबाबोंब. हसलो नसतो तर त्याला लाथ घातली असती.

त्याची ऑपरेटिंग सिस्टीम इतकी जुनी होती, की बनवणाऱ्यांनीच तिचं नाव टाकलं होतं. नवी घ्या, असं आम्ही एचआरच्या हर्षद सरांना किती वेळा सांगितलं असेल. हजेरी त्यांच्या खात्याची, त्यामुळे सर्व्हरही त्यांचाच. हर्षद सर गोड माणूस. कधी आवाज चढवला नाही. दर वेळी म्हणायचे, "चालतोय ना? मग!" आम्ही पाठवलेले रीतसर मेल त्यांनी उघडलेसुद्धा नसतील. पण सर्व्हर कधी पडला आणि का पडला, याचा एक अहवाल दर महिन्याला आपोआप त्यांच्याकडे जायचा, तो मात्र आवडीने वाचायचे. कारण "का पडला" या रकान्यात निकेशची कारणं असायची. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात तर त्यांनी स्टेजवर उभं राहून ती वाचून दाखवली. हास्यकल्लोळ. निकेशला शाल आणि नारळ मिळाला. मीही टाळ्या वाजवल्या. नवा सर्व्हर काही मिळाला नाही.

आता गोविंदादादांचं सांगते, कारण हे सगळं त्यांचं आहे.

गोविंदादादा पेणच्या खाडीकडच्या गावातले. बाप मिठागरात, आजा मिठागरात, हेही लहानपणापासून मिठागरात. पुढे खारं पाणी आत शिरून मिठागर बुडालं तेव्हा कंपनीत कंत्राटी म्हणून लागले. ड्रम भरायचे, ड्रम हलवायचे. गेटवर अंगठ्याची मशीन बसली तेव्हा सगळ्यांचे अंगठे नोंदवायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांचे झाले, ह्यांचा होईना. मशीन परत परत लाल दिवा दाखवायची.

"घेत नाय वो यो," ते ओशाळून म्हणाले. "मिठान गेल्यान रेघा सगल्या."

मी त्यांचा हात उताणा करून बघितला. खरंच, अंगठा गुळगुळीत होता. उजवा नाही, डावा नाही. मग तर्जनी, मधलं बोट, असं करत करत डाव्या करंगळीवर गाडी थांबली. तीसुद्धा दर वेळी घ्यायची नाही. दादा सकाळी गेटवर आले की आधी करंगळी शर्टाला पुसायचे, मग लावायचे, मग फुंकर मारून परत लावायचे. मागची पोरं हसायची. हिरवा दिवा लागेपर्यंत ते हलायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, "दादा, राहू दे. मी हाताने टाकते आजची हजेरी." तर म्हणाले, "नको ताई. मी आलू त्ये मशीनला कलायला पायजेल."

ते असं का म्हणाले, हे मला पुढे कळलं. कागदावर दादा कधीच सलग कामाला नव्हते. कंत्राटदार तोच, पण वर्षाच्या आत त्याच्या फर्मचं नाव बदलायचं. जुन्या नावाखाली दादांना कामावरून कमी केलं असं दाखवायचं, आणि नव्या नावाखाली नवा माणूस म्हणून घ्यायचं. पीएफ तुटक, पगाराच्या चिठ्ठ्या तुटक. माणूस मात्र रोज त्याच गेटमधून त्याच ड्रमांकडे. हे सलग आहे एवढं सांगणारी सगळ्या कंपनीत एकच गोष्ट होती, ती म्हणजे आमच्या जावईबापूच्या पोटातली हजेरी. कंपनीने आपल्याला कायम करावं म्हणून दादांनी लेबर कोर्टात दावा लावला, आणि त्यांच्या वकिलांनी पहिल्याच फटक्यात ती हजेरी मागितली. कोर्टाने कंपनीला सांगितलं, दिवाळीनंतरच्या तारखेला आणा.

हौसावहिनी, दादांची बायको, त्या आठवड्यात पेणच्या बाजारात भेटली. सुके बोंबील विकायला बसते ती. मला बघून उठली, हात पदराला पुसून माझा हात धरला. "गो नमिता, ती हाजरी हाय ना जाग्यावर?"

"हाय गो," मी म्हटलं. "सगळी हाय. पहिल्या दिवसापासनं."

आणि होती. हे मला इथे ठासून सांगायचंय. जावई हजारदा पडला असेल, पण हजेरीची एक ओळ कधी गेली नाही. आतल्या दोन डिस्कवर सगळं दोनदा लिहिलं जायचं, वर निकेश दर शुक्रवारी वेगळ्या डिस्कवर प्रत काढायचा. पडणं निराळं आणि विसरणं निराळं. आमचा सर्व्हर पडायचा, विसरायचा नाही.

मग खंडेनवमी आली.

आमच्या कंपनीत त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. प्लांट काही थांबत नाही, पण जे जे थांबवता येतं ते थांबवतात. वर्कशॉपमधला लेथ, वजनकाटा, फोर्कलिफ्ट. पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ, नारळ. एक नियम मात्र वर्कशॉपवाले कधी मोडत नाहीत. चालत्या यंत्राला कुंकू लावायचं नाही. हत्याराला आज विश्रांती, ते निजलं की मगच पूजा. सर्व्हरला म्हणून आम्ही वगळलं होतं. हा एकदा निजला तर उठेल की नाही याचा भरवसा नव्हता. त्याची माळ दरवर्षी सर्व्हर-रूमच्या दाराला बाहेरून, कुंकवाचं बोट काचेवर, झालं.

त्या वर्षी हर्षद सर स्वतः आले. "यंदा आत जाऊन नीट पूजा करू. बिचारा इतकी वर्षं राबतोय आणि माळ दाराला? किल्ली द्या. वर्कशॉपच्या मुलांना आणि हजेरीच्या मशीन बसवणाऱ्या एजन्सीच्या माणसाला घेऊन मी करतो. तुम्ही दोघं प्रसाद घ्या आणि गाडी गाठा. उद्या दसरा आहे."

निकेशने किल्ली काढून दिली आणि म्हणाला, "सर, फक्त त्याला आहेर विसरू नका." सर खूप हसले.

दसऱ्यानंतर आम्ही दोघं गेलो तर सर्व्हर बंद. यात नवल काही नव्हतं. निकेशने बटण दाबलं, खुर्ची ओढली, बोटं कीबोर्डवर ठेवून बसला. कारण तो गाडीतच ठरवून आला होता, ते मला सांगितलंही होतं: "सोनं लुटायला गेलो होतो." सर्व्हर सुरू झाला. पासवर्ड घेतला. आणि सरळ आत गेला.

खिडकी आलीच नाही. त्याने प्रश्न विचारला नाही.

मी निकेशकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. त्याची बोटं अजून कीबोर्डवरच होती. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तो प्रश्न सर्व्हर फक्त तेव्हाच विचारतो, जेव्हा तो आपला आपण पडलेला असतो. कोणी रीतसर, शिस्तीत बंद केला तर विचारत नाही, कारण त्याला कारण ठाऊक असतं. आमचा जावई जन्मात कधी शिस्तीत बंद झाला नव्हता. त्या खंडेनवमीला झाला.

निकेशने हजेरी उघडली. रिकामी. दुसरी डिस्क, रिकामी. शुक्रवारची प्रत असलेली डिस्क खणात नव्हती. मी खाली वाकून सर्व्हरकडे बघितलं. त्याच्या तोंडावर, बटणाच्या अगदी वर, कुंकवाचं ठसठशीत बोट होतं, आणि जाळीत झेंडूची पाकळी अडकलेली. वर्कशॉपच्या पोरांनी कुंकू लावलं म्हणजे तो तेव्हा थांबलेला होता. आणि पोरांनी तो थांबवला नसणार, त्यांना त्याचं बटण कुठे आहे हेही माहीत नव्हतं.

"निकेश, हा पडला नाय. हा पाडला."

 तो उठला. फोटो काढावा म्हणून मी फोन घ्यायला वळले, तेवढ्यात त्याने पडदे पुसायचं फडकं घेतलं आणि कुंकू पुसून टाकलं. सावकाश, कडेपर्यंत. मग पाकळी काढली आणि डस्टबिनमध्ये टाकली.

"गंज चढतो," तो म्हणाला.

त्याच्यावर मी किती चिडले हे लिहायला माझ्याकडे चांगले शब्द नाहीत, आणि वाईट शब्द छापत नाहीत. त्याचं रोह्यात घर घ्यायचं चाललं होतं, बायकोला दिवस गेले होते, हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून राग येतोच. दुसरा कोणी असता तर एवढा आला नसता. निकेशसारखा माणूस सगळ्या कंपनीत नव्हता. साहेबांची टर उडवायची हिंमत फक्त त्याच्यात होती, ती पण एका पांढऱ्या चौकटीत.

मी हर्षद सरांकडे गेले. त्यांनी चहा मागवला. "अरेरे," म्हणाले. "पडला वाटतं. तुम्हीच तर म्हणायचात, याचा नेम नाही."

"सर, तो नेहमीसारखा पडलेला नाही."

"नमिता, तुमच्याच अहवालात आहे ना, जावई रुसला म्हणून? या वेळी जरा जास्त रुसला." आणि हसले.

दुपारी एजन्सीची गाडी आली आणि जावईबापूंना भंगारात घेऊन गेली. आठवड्याच्या आत नवा सर्व्हर आला. नवी ऑपरेटिंग सिस्टीम, नव्या डिस्क, गेटवर नव्या मशीनसुद्धा. इतकी वर्षं नाक घासलं तेव्हा बजेट नव्हतं. आता बसवायला माणसंही कंपनीने बाहेरून आणली. आम्ही नुसतं बघायचं.

दादांच्या वकिलांनी मला साक्षीला बोलावलं. सोपं करून सांगितलं त्यांनी. कंपनीने हजेरी मुद्दाम नष्ट केली असं दिसलं, तर कोर्ट ते कंपनीच्या विरुद्ध धरेल, दादांचं म्हणणं खरं धरेल. पण हजेरी आपोआप गेली असेल, तर कोणाचा दोष नाही आणि पुरावाही नाही. "म्हणजे मॅडम, सगळी केस त्या सर्व्हरच्या स्वभावावर आहे."

माझ्या आधी कंपनीतर्फे निकेशची साक्ष झाली. खोटं एक अक्षर बोलला नाही तो. सर्व्हर वारंवार बंद पडायचा का? पडायचा. ऑपरेटिंग सिस्टीम जुनी होती का? होती. कारणं तुम्हीच लिहायचात का? मीच लिहायचो. दसऱ्यानंतर सर्व्हर बंद आढळला का? आढळला. कोणी बंद केल्याचं तुम्ही पाहिलं का? नाही. एवढं सांगून तो खाली उतरला आणि माझ्या शेजारून गेला. नजर वर केली नाही. मला हर्षद सरांपेक्षा त्या वेळी ह्याचीच जास्त चीड आली. हर्षद सरांनी निदान मला कधी हसवलं नव्हतं.

मग मी उभी राहिले. सगळं सांगितलं. प्रश्न विचारणारी खिडकी, ती कधी येते, कधी येत नाही. कुंकू. चालत्या यंत्राला कुंकू का लावत नाहीत ते. खोलीची किल्ली कोणाकडे होती ते. दादा बाकावर हौसावहिनीशेजारी बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. वहिनी माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

कंपनीचे वकील उठले. वयस्क, सभ्य, चष्मा कपाळावर.

"म्हणजे मॅडम, सर्व्हरने तुम्हाला प्रश्न विचारला नाही, म्हणून तुम्हाला संशय आला?"

"हो."

"आणि त्याला कुंकू लावलेलं होतं."

"हो."

"ते कुंकू आता कुठे आहे?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मी म्हटलं, "पुसलं." कोणी पुसलं हे त्यांनी विचारलं नाही. मीच बोलायला गेले तर हात वर करून मला थांबवलं.

"ठीक. आता हा सर्व्हर पूर्वी कितीदा पडायचा?"

"बऱ्याचदा. पण हजेरी कधी..."

"बऱ्याचदा म्हणजे आठवड्याला?"

"हो. कधी जास्त. पण..."

"तेवढं पुरे." त्यांनी कागदांचा एक गठ्ठा उचलला. ते महिन्याचे अहवाल होते. हर्षद सरांनी एकूण एक जपून ठेवले होते. बघा, मेल उघडत नव्हते म्हणून मी म्हणाले, पण हे जपले होते. वकिलांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाचायला लागले. आधी तारीख, मग कारण. इंग्रजी अक्षरांतली मराठी त्यांना पटकन लागेना. "सा-सू-बाईंनी... वडे... गार वाढले." कोर्टातला कारकून हसला. "मे-हुण्याने टोमणा मारला." शिपाई हसला. "झोप लागली. तुम्ही उठवलंत म्हणून परत लागली." आता सगळेच. न्यायाधीशांनी तोंडावर रुमाल धरला. वकील स्वतः हसले नाहीत. पान उलटत, तारीख लावून एकेक वाचत राहिले, आणि खरं सांगते, इतकं चांगलं ते कधी कोणी वाचलं नव्हतं. बाकावर निकेश खाली मान घालून बसला होता. स्टेजवर वाचलं तेव्हा शाल मिळाली होती.

शेवटी त्यांनी कागद खाली ठेवले. "आता तुम्हीच सांगा मॅडम. इतक्या वेळा, इतक्या कारणांनी पडलेलं यंत्र आणखी एकदा पडलं, यात कोणाचा काय हात?"

मी परत खिडकीचं सांगितलं. या वेळी माझं मलाच ते पोरकट वाटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासी पण आम्हीच होतो, आणि चोराचे जामीनही आम्हीच.

निकाल पुढच्या तारखेला लागला. सलग सेवेचा पुरावा उपलब्ध नाही. अभिलेख यांत्रिक बिघाडामुळे नष्ट झाल्याचं कंपनीचं म्हणणं, यंत्राचा पूर्वेतिहास पाहता, ग्राह्य. दावा फेटाळला. वर अपील करता येईल, असं दादांचे वकील म्हणाले, पण ते बॅग आवरता आवरता. मला कंपनीने साक्षीनंतरच घरी बसवलं होतं. त्याचं मला काही वाटलं नाही.

एसटीने आम्ही तिघं परत पेणला आलो.  स्टँडवर उतरलो आणि हौसावहिनी पाण्याची बाटली आणायला गेली. त्यांच्या गावाकडची गाडी लागायची होती. दादा बाकावर टेकले, मी शेजारी.

"त्या दिसाला सगली हासली ना," ते म्हणाले, "मना बी हासू आला. जावई रुसला बोलं." थोडं हसलेसुद्धा.

मी म्हटलं, "दादा, माझ्याकडून झालं तेवढं मी..."

"तुमी सांगलात ना. मी आयकला." मग गाडी लागली का ते वाकून बघितलं. "ताई, तो बंद पडायचा ना, तवा आमाला गेटवर उभं करून ठेवीत. सर्व्हर उठंपर्यंत बोट नाय, आन बोट नाय तं खाडा. साखरचौथीला घरचा गनपती टाकून आलतू, तवा बी उभा व्हतू. उनात, पावसात. पोरा बोलायची, चल वो काका, जाऊ घरा. मी बोलायचू, आत ताई हाय, निकेश हाय, ती झटतान त्याच्यामांगं. आता उठल."

मला गेटवरची रांग कधी दिसली नव्हती. सर्व्हर-रूमला खिडकी नसते.

"तवाच ह्या लिवीत व्हतात ना तुमी? वडं गार, मेवना, ह्या?"

"हो," मी म्हटलं. "त्याशिवाय तो आत घ्यायचा नाही. काहीतरी लिहावंच लागायचं."

"कायपन?"

"काहीपण."

त्यांनी मान हलवली. करंगळी शर्टाला पुसली. सवय, दुसरं काय.

"आन तारखेसकट वाचला त्या वकिलान." ते माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मंग ताई, येकदा तरी लिवाचा व्हता, गोविंदा भायेर उभा हाय."

हौसावहिनी पाणी घेऊन आली. दादांनी बाटलीचं झाकण काढलं आणि ती आधी माझ्यापुढे धरली.